ओंकारेश्वरला जाल, तर एक रात्र राहाच!

तुमच्यापैकी कितीजणी ओंकारेश्वरला जाऊन आल्या आहेत? बऱ्याच असतील. आता दुसरा प्रश्न विचारते, रागावू नका हं. तिथली नर्मदा कितीजणींनी पाहिली? म्हणजे नुसती पुलावरून जाता जाता नव्हे. निवांत बसून, पाय सोडून, कुणाचा टॉवेल खांद्यावर नसताना?

मी स्वतः ३३ वर्षं 'ओंकारेश्वर पाहिलंय' असंच सांगत होते. १९९१ साली गेले होते ना! लग्नाला जेमतेम तीन महिने झाले होते. आम्ही अकोल्याचे. तेव्हा अकोल्याहून खांडव्याकडे मीटरगेजची लहान गाडी जायची, मेळघाटच्या जंगलातून. धूळघाटाजवळ रूळ स्वतःलाच वळसा घालून डोंगर चढत. तीच लाईन पुढे ओंकारेश्वर रोड स्टेशनापर्यंत न्यायची. घरची नऊ माणसं निघाली होती. बरोबर दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, दोन फिरकीचे तांबे. घाटावर पोचल्यावर सगळे स्नानाला उतरले आणि नवी सून म्हणून मला पायरीवर बसवलं. माझ्याकडे नऊजणांच्या चपला, पाच पिशव्या, पुरुषांची घड्याळं आणि रुमालात बांधलेली आत्यासासूबाईंची कवळी. ती कवळी हरवू नये या एकाच चिंतेत माझी नर्मदा वाहून गेली. मग रांग, धक्काबुक्की, अर्ध्या मिनिटाचं दर्शन, आणि 'चला चला, गाडी चुकेल'.

घरी आल्यावर शेजारणीनं विचारलं, "नदी कशी आहे गं?"

मी म्हटलं, "मोठी आहे."

याहून जास्त मला सांगताच येईना.

हे सगळं आठवायचं कारण सासूबाई. गेल्या-मागच्या हिवाळ्यात, म्हणजे २०२४ च्या डिसेंबरात, आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. बोलता बोलता हा किस्सा मी त्यांना सांगितला. वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तू एकदा गेलीस. मी चारदा गेले. चारही वेळा पोरांचे टॉवेल धरले. लग्नाआधी माझ्या आईबरोबर गेले होते, तेवढीच काय ती खरी नर्मदा पाहिली. आईनं हात धरून पाण्यात उभं केलं होतं मला." आणि थोडं थांबून, "आता काय, गुडघेच नाहीत."

सासूबाईंचं वय ७९. दोन्ही गुडघे दुखरे, एका कानाला यंत्र. मी संध्याकाळी यांच्यापाशी विषय काढला. "तिघी बायका? आणि आईला घेऊन?" हे म्हणाले. "एवढी काय घाई आहे? मे महिन्यात सुट्टी काढून मी नेतो की." मे महिन्यात निमाडातला दगड कसा तापतो हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना मी का हसले ते कळेल. मोठ्या वन्संना फोन केला. त्या म्हणाल्या, "वहिनी, तिकिटं काढ. दादाला मी बघते."

जुनी गाडी आता नाही. अकोला-खांडवा मीटरगेज लाईन २०१७ च्या सुरुवातीला रुंदीकरणासाठी बंद झाली. म्हणून भुसावळमार्गे खांडव्याला उतरायचं आणि तिथून सत्तरएक किलोमीटर बसनं किंवा मोटारीनं जायचं. इंदूरकडून येणाऱ्यांनाही साधारण तेवढंच अंतर पडतं. खांडवा म्हणजे किशोरकुमारचं गाव बरं का! वन्सं स्टेशनातून बाहेर पडेपर्यंत त्याचीच गाणी गुणगुणत होत्या.

आता गावाबद्दल सांगते.

नर्मदा अमरकंटकाला उगम पावून पश्चिमेला वाहते. ओंकारेश्वरपाशी ती डोंगराला चिरून एका अरुंद घळईत शिरते. दोन्ही बाजूंना उभे खडक, मध्ये गर्द हिरवं, खोल, गंभीर पाणी. या घळईच्या उत्तरेला डोंगराएवढं एक बेट आहे, मांधाता त्याचं नाव. बेटाच्या पलीकडून जो प्रवाह वळसा घालतो त्याला गावकरी कावेरी म्हणतात. दक्षिणेतली नव्हे, ही इथलीच. बेटाच्या पश्चिम टोकाला ती नर्मदेला मिळते, तो संगम. बेटाचा आकार ॐ सारखा आहे असं प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. मला तरी कुठूनही तसा दिसला नाही. वन्संना मात्र नकाशा पाहताक्षणी दिसला. त्यांची श्रद्धा जास्त, की माझा चष्मा जुना, कोण जाणे.

गाव अवघं दहा हजार वस्तीचं. अर्धं दक्षिण काठावर, अर्धं बेटावर. दक्षिण काठावर बस थांबते, बाजार आहे, ममलेश्वराचं देऊळ आहे. ओंकारेश्वराचं देऊळ समोर बेटावर, कड्याला चिकटून मजल्यावर मजले चढवल्यासारखं उभं. मध्ये पायी जाण्याचे पूल. १९९१ मध्ये मी ज्या पुलावरून पिशव्या सांभाळत धावले तो जुना. झुलता पूल नंतर झाला. नावेनंही पलीकडे जाता येतं.

आम्ही मुक्काम दक्षिण काठावरच्या एका धर्मशाळेत केला. खोली खालच्या मजल्यावर मागून घेतली. गुडघ्यांचं माणूस बरोबर असेल तर हे आधी फोनवर ठरवून घ्या, तिथे पोचून हुज्जत घालण्यात अर्थ नाही. संध्याकाळी पाचच्या सुमाराला पुलावर गेलो. सकाळी मोटारी भरभरून आलेली माणसं तोवर परतलेली असतात. उज्जैनला ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोक झाल्यापासून 'सकाळी उज्जैन, दुपारी ओंकारेश्वर, रात्री इंदूर' अशी धावती यात्रा फार वाढली आहे. ही सगळी गर्दी दुपारची. पाचनंतर गाव पुन्हा गावाचं होतं. बायका घाटावर तांब्याची भांडी घासायला येतात, पोरं पायऱ्यांवर पतंगाचा मांजा गुंडाळतात, नावाडी नावा बांधून चहा पीत बसतात. कडे आधी तांबूस होतात, मग जांभळे. पाणी काळं होतं. घळईत आवाज घुमतो, त्यामुळे पलीकडच्या काठावरची घंटाही कानाशी वाजल्यासारखी ऐकू येते.

सासूबाई पुलाच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. वीस मिनिटं. मी म्हटलं, "आई, पाय दुखतील." त्या म्हणाल्या, "दुखू देत."

मुक्कामाला राहा, असं मी का म्हणते त्याचं दुसरं कारण रात्रीची शयन आरती. ही आरती चुकवू नका. ओंकारेश्वराची समजूत अशी, की शंकर-पार्वती दिवसभर कुठेही असोत, रात्री निजायला इथे येतात. म्हणून आरतीनंतर गाभाऱ्यात शेज घालतात आणि शेजारी चौपड मांडतात. पट, फासे, सगळं व्यवस्थित. रात्री दोघं सारीपाट खेळतात म्हणे, आणि सकाळी दार उघडलं की फासे विस्कटलेले असतात. वन्सं म्हणाल्या, "बघ, देवालासुद्धा दिवसाची कामं आटोपल्यावर बायकोबरोबर एक डाव खेळायला वेळ आहे!" पुढे त्या आमच्या मेव्हण्यांबद्दल जे बोलल्या ते इथे लिहीत नाही.

देवळात रात्री गर्दी नसल्यानं सभामंडपातले कोरीव दगडी खांबही शांतपणे पाहता आले. आणखी एक गंमत पाहा. इथलं शिवलिंग बरोबर शिखराखाली नाही, बाजूला आहे. दुपारच्या रांगेत हे लक्षात येणं अशक्यच.

दुसऱ्या दिवशी पहाटे घाटावर गेलो, आणि इथे मला माझीच एक चूक सांगायची आहे. तुमच्या हातून ती होऊ नये म्हणून सांगते.

गावाच्या वरच्या अंगाला, अगदी पुलावरून दिसेल इतक्या जवळ, ओंकारेश्वरचं धरण आहे. ५२० मेगावॉट विजेचा हा प्रकल्प २००७ मध्ये सुरू झाला. वीजनिर्मितीसाठी पाणी सुटतं तेव्हा घाटापाशी नदी चढते, बंद असतं तेव्हा उतरते, इतकी की खडक उघडे पडतात. पाणी सोडण्याआधी भोंगा वाजतो. हे सगळं मी वाचून गेले होते. पण वाचणं निराळं!

सासूबाईंना पाण्यात उभं राहायचं होतं. पाणी उतरलेलं, पायऱ्या मोकळ्या. कानाचं यंत्र भिजू नये म्हणून मीच ते खोलीवर काढून ठेवायला सांगितलं होतं. वन्संनी एक हात धरला, मी दुसरा, आणि त्या पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उतरल्या. डोळे मिटले. तेवढ्यात भोंगा झाला. वन्सं म्हणाल्या, "गिरणीची पाळी सुटली वाटतं." आणि मीही, अकोल्याच्या गिरण्यांचे भोंगे ऐकत मोठी झालेली, "हो" म्हणून मोकळी झाले! सासूबाईंना तर काहीच ऐकू आलं नव्हतं.

वरच्या पायरीवर द्रोणातले दिवे विकणारी एक बाई बसली होती. ती दिवे तिथेच टाकून धावत आली. काही न बोलता तिनं सासूबाईंच्या दंडाला धरलं आणि आम्हा तिघींना जवळजवळ ओढतच वर नेलं. आम्ही चौथ्या पायरीवर पोचतो न पोचतो तोच, ज्या पायरीवर उभ्या होतो ती दिसेनाशी झाली. मग तिच्या वरचीही. गडबड नाही, लाट नाही, आवाज नाही. दुधाचं पातेलं नजर चुकवून वर येतं ना, तसं पाणी आलं. सासूबाईंची एक चप्पल त्यावर तरंगत निघून गेली.

माझे पाय नंतर बराच वेळ कापत होते. तोल गेला असता तर? ७९ वर्षांचं माणूस, हिरव्या शेवाळाची पायरी. आणि घरी यांना काय सांगितलं असतं?

त्या बाईला आम्ही चहा घेऊन दिला. तीही टेकली. निमाडी बोली आपल्याला बरीचशी कळते. ती म्हणाली, "भोंग्याला आम्ही ओळखतो. माझं माहेर त्याच पाण्याखाली आहे." धरणाच्या वरच्या बाजूच्या बुडालेल्या गावांतलं एक तिच्या वडिलांचं होतं. घर, विहीर, गोठा, चिंचेचं झाड. भाऊ दुसरीकडे गेले. "राखीला जाते मी," ती म्हणाली, "पण ते भावाचं घर. माहेर नव्हे."

सासूबाईंना हे सगळं ऐकू आलं नसावं असं मला वाटलं होतं. पण त्यांनी आपला हात तिच्या हातावर ठेवला आणि चहा संपेपर्यंत काढला नाही.

मैत्रिणींनो, या पाण्याचा इतिहास साधा नाही. ७ एप्रिल २००५ ची रात्र. ओंकारेश्वरच्या वर देवास जिल्ह्यात धाराजी म्हणून नर्मदाकाठचं ठिकाण आहे, तिथे भूतडी अमावस्येची जत्रा भरली होती. हजारो माणसं काठावर, खडकांवर झोपली होती. वरच्या इंदिरा सागर धरणातून पाणी आलं आणि साठाच्या आसपास माणसं वाहून गेली. पुढे २०१२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात ओंकारेश्वर धरणाची पाणीपातळी वाढवायला विरोध म्हणून खांडवा जिल्ह्यातल्या घोगलगावचे लोक नर्मदेच्या पाण्यात उभे राहिले. गळ्यापर्यंत पाण्यात, १७ दिवस. त्यांत बायकाही होत्या. पायांची कातडी सोलवटली. शेवटी सरकारनं जमिनीच्या बदल्यात जमीन द्यायचं मान्य केलं, तेव्हा ते बाहेर आले. तीन वर्षांनी, २०१५ मध्ये, त्यांना पुन्हा पाण्यात उतरावं लागलं. आपण दोन मिनिटं पायरीवर उभं राहून 'पाणी किती गार!' म्हणतो, त्याच नदीची ही गोष्ट आहे. आपल्या घरातला दिवा कुठल्या पाण्यावर जळतो हे आपल्याला कुठे ठाऊक असतं?

तर घाटावर जाताना एवढं सांभाळा. स्नान बांधलेल्या घाटावर, साखळी असेल तिथेच करा. उघडे पडलेले खडक कितीही मोहक दिसले तरी फोटोसाठी त्यांवर मुळीच जाऊ नका. भोंगा झाला की प्रश्न न विचारता वर या. आणि ज्यांना कमी ऐकू येतं त्यांचं यंत्र काढायचं असेल, तर पाण्याबाहेर एकीनं केवळ लक्ष ठेवायला उभं राहायचं. बोलत नव्हे, लक्ष ठेवत.

सासूबाईंना पायात चप्पल हवी म्हणून बाजारात गेलो आणि तिथून ममलेश्वराच्या देवळात. पुष्कळ यात्रेकरू घाईत हे देऊळ गाळतात. गाळू नका. अकराव्या शतकातल्या शिलालेखांचं देऊळ आहे हे. आपण घरी जे शिवमहिम्न म्हणतो ते स्तोत्र इथे दगडावर कोरलेलं आहे, शके ९८५ चं, म्हणजे इ. स. १०६३ चं. जवळजवळ हजार वर्षं! सासूबाईंना महिम्न पाठ. त्या भिंतीकडे तोंड करून पुटपुटत राहिल्या. अक्षर जुनं असल्यानं आपल्याला वाचता येत नाही, पण आपण म्हणतो तेच तिथे लिहिलेलं आहे एवढं कळल्यावर अंगावर काटा येतो. अहिल्याबाई होळकरांनी इथे पार्थिव पूजेची व्यवस्था लावून दिली होती. नर्मदेच्या मातीची लहान लहान लिंगं करायची, पूजा करायची आणि पुन्हा नदीत सोडायची. रोज नव्यानं. स्वयंपाकासारखंच म्हणा ना! त्यांची राजधानी महेश्वर इथून ६५ किलोमीटरांवर आहे. सवड असेल तर जरूर जोडून घ्या. पण ते प्रकरण निराळं. महेश्वरी साडीचा दोन्ही बाजूंनी नेसता येणारा काठ आणि माझी तिथली खरेदी हा विषय एवढ्यात उरकणारा नाही.

दुपारी जेवायला एका लहानशा खाणावळीत ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी मिळाली. आपल्या वऱ्हाडातलीच की ही! तिकडे तिला अमाडी म्हणतात. सकाळी पोहे-जिलबी. पोह्यांवर जिरावण नावाचा मसाला भुरभुरतात, तो मी पावशेर आणला आणि आठ दिवसांत संपला.

आता परिक्रमा. नर्मदेची सबंध परिक्रमा करणारे लोक इथून सुरुवात करतात आणि इथेच येऊन संपवतात. नदी उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही. म्हणून वाटेत असताना ते बेटावरच्या ओंकारेश्वराला जाऊ शकत नाहीत. गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' वाचलेल्या मैत्रिणींना हे नवं नाही. आपल्यासारख्या संसारी बायकांसाठी सोपी म्हणजे बेटाची परिक्रमा. साधारण सात किलोमीटर, बरीचशी वाट बांधलेली. धडधाकट माणसाला तीन तास पुरतात. सकाळी लवकर निघा. हातात खाण्याची पिशवी नको, माकडं फार धीट आहेत. वन्संच्या हातातलं केळं एकानं इतक्या सभ्यपणे काढून घेतलं की त्यांनाच आधी कळलं नाही.

सासूबाईंसाठी आम्ही तोडगा काढला. संगमापर्यंत नाव केली. घळईचं खरं रूप नावेतूनच दिसतं. कडे अंगावर येतात, मध्येच एखादी गुहा, एखादा साधू, कपारीतून लोंबणारी वडाची मुळं. भाडं चढण्याआधी ठरवा आणि जॅकेट अंगावर घाला, साडीवर कसंही दिसलं तरी. संगमावर ऋणमुक्तेश्वराचं देऊळ आहे. तिथे कर्जातून सुटण्यासाठी हरभऱ्याची डाळ वाहतात. सासूबाईंनी ओंजळभर वाहिली. मी विचारलं, "आई, आपल्यावर कसलं कर्ज?" त्या म्हणाल्या, "माझं नाही. माझ्या चपलेचं. ती नर्मदेनं ठेवून घेतली, आता फिटंफाट."

मग त्या आणि वन्सं देवळाच्या सावलीत टेकल्या आणि उरलेली वाट मी एकटीनं चालले. हो, एकटीनं. लग्नानंतर तेहेतीस वर्षांत कुठल्याही प्रवासात मी दोन तास एकटी नव्हते. हातात काहीच नाही हे ध्यानात यायलाच मला बराच वेळ लागला. उगीच पदर सावरत होते.

वाटेत गौरी सोमनाथाचं देऊळ लागतं. आतलं काळं लिंग माणसाएवढं उंच. मामा-भाच्यानं मिळूनच त्याला कवेत घेता येतं अशी समजूत आहे. पुढे पठारावर सिद्धनाथाचं देऊळ, मोडलेलं, पण माझ्या मते सबंध बेटावर सर्वांत देखणं. जोत्याभोवती हत्ती कोरले आहेत, झुंजणारे, सोंडा उगारलेले. कित्येक फुटलेले आहेत, तरी त्यांचं बळ जाणवतं. तिथे त्या वेळी मी, एक शेळी आणि शेळीची मालकीण एवढ्याच होतो. आणखी वर आदि शंकराचार्यांचा १०८ फुटी पुतळा दिसतो. बारा वर्षांच्या शंकराचा आहे, सप्टेंबर २०२३ मध्ये उभारला. इथल्याच गुहेत त्यांना गुरू गोविंदपाद भेटले अशी परंपरा आहे. पुतळा भव्य आहे खरा, पण मला विचाराल तर मी हत्तींपाशीच जास्त वेळ बसले.

पूर्वेच्या टोकाचा कडा बीरखला. मोक्षाच्या आशेनं माणसं या कड्यावरून खालच्या खडकांवर उडी घेत. १८२४ मध्ये इंग्रज अमलात ही प्रथा बंद झाली. तिथे उभी राहिले तर खाली तेच हिरवं पाणी आणि समोर धरणाची भिंत. सकाळचा भोंगा आठवला आणि मी लगबगीनं उतरायला लागले.

खरेदीबद्दल दोन शब्द. बाजारात नर्मदेचे गोटे, बाणलिंगं, ढिगांनी मिळतात. पूर्वी ती धाराजीजवळच्या धावडी कुंडात पाण्याच्या घुसळणीनं आपोआप घडत. ते कुंड आता धरणाच्या पाण्यात गेलं. हल्ली जी गुळगुळीत, एकसारखी लिंगं दिसतात त्यांतली पुष्कळशी खरगोन जिल्ह्यातल्या बकावां गावचे कारागीर चाकावर घासून करतात. मेहनतीचं काम आहे, अवश्य घ्या. पण 'स्वयंभू' म्हणून दुप्पट पैसे देऊ नका.

जायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. श्रावण, सोमवार, अमावस्या आणि सलग सुट्ट्या टाळा. ओल्या साड्यांसाठी प्लॅस्टिकची मोठी पिशवी आणि चार चिमटे न्या, धर्मशाळेच्या दोरीवर वारा फार. मापाच्या, मागून पट्टा असलेल्या चपला घाला. का, ते आता सांगायला नको.

निघायच्या दिवशी दिवेवाल्या बाईला शोधलं. सासूबाईंनी तिच्याकडून पाच दिवे घेतले. एक स्वतःच्या आईच्या नावानं सोडला, एक तिच्या माहेरच्या गावाच्या नावानं. बाकीचे तीन कुणाचे ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. सगळे त्यांनी कोरड्या पायरीवर बसून सोडले, कानात यंत्र घालून.

अकोल्याला पोचलो त्या रात्री हे आमची वाटच पाहत होते. चप्पल, भोंगा, माकड, महिम्न, सगळं सासूबाईंनी तास-दीड तास सांगितलं. मला मध्ये बोलायला जागाच नव्हती. शेवटी हे म्हणाले, "मग पुढच्या वेळी मलाही न्या की."

"ये ना," सासूबाई म्हणाल्या. "पिशव्या धरायला कुणीतरी लागतंच."